सटवाईचा लेख आणि देवाची निवड

दरवर्षी २ नोव्हेंबरला, म्हणजे कॅथलिक मंडळींच्या मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, मी सासूबाईंना घेऊन ठाण्यातल्या दफनभूमीत जातो. माझ्या पत्नीचे माहेर इथल्या जुन्या ईस्ट इंडियन वस्तीतले. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये त्या घराच्या कित्येक पिढ्यांचे बाप्तिस्मे झालेले आहेत. सासूबाई सासऱ्यांच्या कबरीवर झेंडूची फुले ठेवतात, मेणबत्ती लावतात आणि त्यांच्या आत्म्याला लवकर विसावा मिळावा म्हणून गुडघे टेकून प्रार्थना करतात. मी मेणबत्तीला वाऱ्याचा आडोसा करून उभा राहतो, पण त्या प्रार्थनेत सामील होत नाही. गेल्या वर्षी परत येताना त्यांनी रिक्षात विचारले, "ह्यांच्यासाठी दोन शब्द मागायला तुमचं काय जातं?" प्रश्नात राग नव्हता, आणि म्हणूनच उत्तर देणे अवघड गेले. मी काहीतरी पुटपुटलो की बाबांचे जे व्हायचे ते प्रभूच्या हातून झालेले आहे, आता त्यात माझ्या मागण्याने भर पडणार नाही. हे बोलून झाल्यावर ते किती कोरडे वाटले ते माझे मलाच कळले. खरे उत्तर लांबलचक आहे आणि ते रिक्षात मावणारे नव्हते.

माझे मूळ घराणे कोल्हापूरकडचे. रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५२ साली कोल्हापुरात जे काम सुरू केले ते पुढे प्रेस्बिटेरियन मिशनचे झाले, आणि आमचे पणजोबा त्याच मिशनच्या शाळेत शिक्षक होते. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांपैकी अनेकांना आपली मुळे सोळाव्या शतकातला जिनिव्हाचा धर्मसुधारक जॉन कॅल्विन याच्या परंपरेत आहेत याची कल्पनाही नसते. १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक काँग्रिगेशनल पंथाचे होते, आणि १८२३ पासून कोकणात उतरलेले स्कॉटिश मिशनरी, तसेच १८२९ साली मुंबईत आलेले डॉ. जॉन विल्सन, हे प्रेस्बिटेरियन होते. चर्चचा कारभार कसा चालावा याबाबत या दोन पंथांचे पटत नसे, परंतु तारणाच्या विषयात दोघांचीही शिकवण जिनिव्हाची. पुढे १९७० साली नागपुरात सी. एन. आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या नावाने अनेक पंथ एकत्र आले, प्रेषितांचा व नायसियाचा असे दोन प्राचीन मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची संक्षिप्त विधाने, सर्वांनी मान्य केले, आणि पूर्वनियोजनाचा, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवले आहे या शिकवणीचा, वाद उंबरठ्याबाहेर राहिला. मी ज्या मंडळीत उपासनेला जातो तिथे हा शब्द उपदेशातून कित्येक वर्षांत माझ्या कानावर पडलेला नाही.

माझ्या कानावर तो पडला आजीमुळे. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरीतली, म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेतली, १०७ प्रश्नांची उत्तरे तिला तोंडपाठ होती आणि तांदूळ निवडताना ती आम्हा नातवंडांकडून ती म्हणवून घेत असे. विसावा प्रश्न असा की, देवाने सर्व मानवजातीला पापाच्या आणि दुःखाच्या स्थितीत नाश पावण्यासाठी सोडून दिले काय? उत्तराचा आशय असा की नाही, देवाने केवळ आपल्या प्रसन्नतेने अनादि काळापासून काही जणांना सार्वकालिक जीवनासाठी निवडले आणि त्यांना तारणाऱ्याच्या द्वारे सोडवण्यासाठी कृपेचा करार केला. 'काही जणांना' हे शब्द मला टोचले. मी आजीला विचारले, "मग मी त्यांच्यात आहे का?" तिने सुपातून मान न काढता सांगितले, "ज्याला पडलेली नसते तो विचारत नाही. जा, आधण बघ." त्या वेळी हे टाळाटाळीचे उत्तर वाटले होते, पुढे कॅल्विनवरचे वाचन झाले तेव्हा लक्षात आले की कॅल्विनपंथी पाळकांनी शतकानुशतके घाबरलेल्या माणसांना दिलेला धीर साधारण याच शब्दांतला आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका ज्येष्ठ शेजाऱ्यांशी, ज्यांच्याकडे रोज सकाळी ज्ञानेश्वरीचे वाचन चालते, या विषयावर एकदा बोलणे निघाले. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "अहो, मग हे आमच्या सटवाईसारखंच झालं की! सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जायचं, आणि मग माणसाने काहीही करो." ही शंका मराठी माणसाच्या मनात सर्वांत आधी येणारी आहे आणि ती अगदीच गैरलागू नाही, कारण देवाच्या इच्छेवाचून केसही गळत नाही असे कॅल्विन स्पष्टपणे मानत होता. फरक पडतो तो 'मग माणसाने काहीही करो' या शब्दांपाशी. सटवाईच्या लेखात शेवट ठरलेला असतो आणि माणसाची धडपड त्याला समांतर, निष्फळ अशी चालू राहते. कॅल्विनच्या मांडणीत शेवट ठरवणारा देव त्या शेवटाकडे नेणारी वाटही ठरवतो. सुवार्ता ऐकणे, पश्चात्ताप होणे, प्रार्थना करणे, पडून पुन्हा उठणे, हे सारे त्या निवडीचेच टप्पे असतात. त्याच्या 'ख्रिस्ती धर्माची तत्त्वे' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १५३६ साली बाझल येथे निघाली आणि अंतिम लॅटिन आवृत्ती १५५९ साली. या अंतिम आवृत्तीत निवडीवरची चार प्रकरणे तिसऱ्या भागात, २१ ते २४ या क्रमांकांवर येतात, आणि त्यांच्या लगेच आधीचे प्रदीर्घ विसावे प्रकरण प्रार्थनेवर आहे. सारे ठरलेलेच आहे म्हणून हात जोडू नयेत असे ज्याला म्हणायचे असते तो लेखक ही रचना करणार नाही.

शिवाय ही प्रकरणे ग्रंथाच्या आरंभी, देवाच्या स्वरूपाचे वर्णन चालू असताना येत नाहीत, तर ख्रिस्ताची कृपा माणसापर्यंत कशी पोहोचते याचे विवेचन जवळजवळ संपत आल्यावर येतात. एकाच चर्चमध्ये, एकच उपदेश ऐकून एकाच्या अंतःकरणाला पाझर फुटतो आणि शेजारचा जांभई देतो, हे असे का होते, या पाळकाला रोज दिसणाऱ्या प्रश्नापासून तो सुरुवात करतो. त्याचे उत्तर असे की विश्वास हेसुद्धा देवाचे दान आहे. त्याच्या पुढच्या बाजूचा, म्हणजे ज्यांना हे दान मिळाले नाही त्यांच्याबाबतच्या निर्णयाचा उल्लेख करताना मात्र तो स्वतःच कबूल करतो की हा निर्णय भयंकर आहे. या चक्रव्यूहात कुतूहलाने शिरणाऱ्याला बाहेर पडण्याची वाट सापडणार नाही, आणि आपली निवड झाली आहे की नाही हे पाहायचे असेल तर ख्रिस्त हाच आरसा आहे, अशी ताकीदही तो देतो. त्याच्या अनुयायांपैकी सर्वांनीच ही ताकीद पाळली असे म्हणता येणार नाही.

शेजाऱ्यांना मी हे सांगितल्यावर त्यांनीच एक दृष्टांत काढला, जो मला आजवर वाचलेल्या कित्येक टीकाग्रंथांपेक्षा उपयोगी पडला आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये वडकलै आणि तेंकलै असे दोन पंथ आहेत. पहिल्याचा मर्कटन्याय: माकडीण झाडावरून झेप घेते तेव्हा पिल्लू तिच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असते. दुसऱ्याचा मार्जारन्याय: मांजर पिल्लाची मान तोंडात धरून त्याला उचलून नेते आणि पिल्लू काहीच करत नाही. पिल्लाला वाचवणारी आई आहे याबद्दल दोन्हीकडे दुमत नाही. वाद आहे तो पिल्लाच्या पंजांचा. ख्रिस्ती जगातला वादही नेमका इथेच आहे, आणि त्यात कॅल्विन निःसंशय मांजरीच्या बाजूचा. तो या बाजूचा पहिलाही नव्हे. पाचव्या शतकात ऑगस्टीनने, माणूस स्वतःच्या इच्छेने चांगला होऊ शकतो असे म्हणणाऱ्या पेलाजियसच्या विरोधात, हीच बाजू लढवली होती, आणि १५२५ साली लूथरने स्वतंत्र इच्छेची बाजू घेणाऱ्या इरॅस्मसला उत्तर देताना मानवी इच्छा पापाची बंदिवान आहे असे याहूनही कडक शब्दांत लिहिले होते.

ज्याला आज 'कॅल्विनवादाचे पाच मुद्दे' म्हणतात ते कॅल्विनने मांडलेले नाहीत. ते लिहिले गेले तेव्हा त्याच्या मृत्यूला ५४ वर्षे झाली होती. निवडीच्या या शिकवणीला हरकत घेणारा, नेदरलँड्समधल्या लायडन येथील प्राध्यापक याकोबस आर्मिनियस १६०९ साली वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे एक निवेदन दिले: देव निवडतो तो माणूस पुढे विश्वास ठेवील हे आधीच जाणून, ख्रिस्त सर्वांसाठी मेला, कृपेवाचून माणसाला चांगले काही करता येत नाही, परंतु त्या कृपेला नकार देता येतो, आणि खरा विश्वासणारा कृपेतून कायमचा ढळू शकतो की नाही हे पवित्र शास्त्रातून आणखी तपासले पाहिजे. १३ नोव्हेंबर १६१८ रोजी डॉर्डरेख्ट (थोडक्यात डॉर्ट) येथे सुरू झालेल्या चर्चच्या सभेने या पाच कलमांना जी उत्तरे दिली तीच ही पाच मुद्द्यांची शिकवण. इंग्रजीत त्यांच्या आद्याक्षरांवरून 'ट्युलिप' हा शब्द पुष्कळ नंतर जुळवण्यात आला. मूळ मजकुरात निवडीचा मुद्दा पहिला आहे, माणसाच्या भ्रष्टतेचा नव्हे.

ही सभा निव्वळ धर्मचर्चा होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आर्मिनियसच्या बाजूला झुकलेला नेदरलँड्सचा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेफेल्ट याचा ७१व्या वर्षी १३ मे १६१९ रोजी हेग येथे शिरच्छेद झाला. परदेशी प्रतिनिधींसह चाललेली बैठक संपून तेव्हा चारच दिवस झाले होते. राजकीय वैर हे त्याचे मुख्य कारण होते, पण कृपेच्या शिकवणीचा जय आणि तलवार इतकी शेजारी उभी राहिलेली पाहून माझ्यासारख्याला आजही मान खाली घालावी लागते. त्याचाच साथीदार ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली, आणि १६२१ साली तो पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटला.

पाच मुद्द्यांपैकी भ्रष्टतेच्या मुद्द्यावर जितका गैरसमज आहे तितका मतभेद नाही. माणूस जितका वाईट होऊ शकतो तितका तो आहे, असे कोणी म्हणत नाही. पाण्यात मीठ विरघळले की जसा प्रत्येक थेंब खारट होतो, तसे पाप बुद्धी, भावना आणि इच्छा या सगळ्यांत उतरलेले आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि इतके आर्मिनियसलाही मान्य होते. तो पुढे म्हणतो की देवाची कृपा माणसाच्या आधी येते आणि बांधलेल्या इच्छेला मोकळे करते. मग हो म्हणायचे की नाही हे त्या मोकळ्या झालेल्या इच्छेच्या हाती राहते. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने हीच भूमिका मेथडिस्ट चळवळीत रुजवली. १७३९ साली त्याने पूर्वनियोजनाच्या विरोधात जळजळीत प्रवचन दिले, त्याचा मित्र आणि कॅल्विनपंथी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड याने त्याला पत्राने जाहीर उत्तर दिले, आणि तरीही १७७० साली व्हाइटफील्ड वारल्यावर, त्याच्याच इच्छेनुसार, लंडनमध्ये स्मृतिप्रवचन वेस्लीने केले.

आता सासूबाईंच्या बाजूकडे येतो, कारण प्रॉटेस्टंट घरांत कॅथलिक शिकवणीची जी नक्कल चालते ती बहुधा चुकीची असते. 'ते कर्मांनी तारण मिळवतात आणि आम्ही विश्वासाने' हे वाक्य मीही लहानपणी म्हटलेले आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी संमत केलेला नीतिमत्त्वावरचा निर्णय वाचला तर त्यात स्वच्छ म्हटले आहे की माणसाला नीतिमान ठरवणारी कृपा विश्वासाने किंवा कर्मांनी, कशानेही आधी कमावता येत नाही. कृपेचा पहिला हात देवाचा, हे दोन्हीकडे एकच आहे. भेद पुढे सुरू होतात. देव माणसाला नीतिमान ठरवतो याचा अर्थ कॅल्विनपंथी माणूस न्यायालयातल्या निकालासारखा घेतो: ख्रिस्ताचे नीतिमत्त्व पापी माणसाच्या खाती जमा झाले आणि तो सुटला, त्याचे पवित्र होत जाणे हे त्या निकालाचे फळ आहे, कारण नव्हे. ट्रेंटच्या मते नीतिमान ठरणे आणि आतून पवित्र होणे ही एकच घटना आहे, ती संस्कारांद्वारे वाढते, गंभीर पापाने गमावता येते आणि प्रायश्चित्त संस्काराने परत मिळते. मृत्यूच्या वेळी हे शुद्धीकरण अपुरे राहिले असेल तर ते शुद्धिस्थानात पूर्ण होते, आणि तिथल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेचा उपयोग होतो.

म्हणजे सासूबाईंची मेणबत्ती आणि माझे मौन यांच्यामध्ये हा सगळा पसारा उभा आहे. निकाल पूर्ण लागलेला असेल तर मागण्यासारखे काही उरत नाही. शुद्धीकरण चालू असेल तर न मागणे हा निष्काळजीपणा ठरतो. आपापल्या जागी दोघांचेही वागणे सुसंगत आहे, आणि तिथेच खरी पंचाईत आहे.

निवडीच्या प्रश्नावर कॅथलिक चर्चने स्वतःच्या घरातला वाद मिटवलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. डोमिनिकन संघाचे बान्येझ आणि जेझुइट संघाचे मोलिना यांच्या अनुयायांमध्ये कृपा आणि स्वतंत्र इच्छा यांवरून इतके पेटले की रोममध्ये १५९८ ते १६०७ अशी नऊ वर्षे चौकशी चालली, आणि अखेर पोप पाचवे पॉल यांनी निर्णय न देता दोन्ही बाजूंना एकमेकांना पाखंडी म्हणण्याची मनाई केली. डॉर्टला हे शहाणपण सुचले असते तर, असे कधीकधी मनात येते. लूथरनांनी तिसरीच वाट धरली: जे तरले ते केवळ देवाच्या निवडीमुळे, जे नाश पावले ते केवळ स्वतःच्या दोषामुळे, आणि ही दोन वाक्ये तर्काने जोडून दाखवण्याचा आग्रह धरू नका. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने १६७२ साली जेरुसलेमच्या सभेत कॅल्विनची निवडीची शिकवण सरळ नाकारली. तारण हे देव आणि माणूस यांचे सहकार्य आहे, असे ते मानतात.

ऑफिसच्या निमित्ताने मी रोज ठाण्याहून तुर्भ्याला ट्रान्सहार्बर लोकलने जातो, आणि घणसोलीला चढणारा एक पेंटेकॉस्टल मित्र अनेकदा सोबत असतो. त्याच्या मंडळीत तारण गमावता येते अशी शिकवण आहे. एकदा त्याने इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय काढून दाखवला, जिथे प्रकाश मिळाल्यावर पतन पावलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य असल्याचे म्हटले आहे. मी योहानाच्या दहाव्या अध्यायातले, मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, हे वचन पुढे केले. तो म्हणाला, "दुसरा कोणी हिसकावणार नाही रे, पण मेंढरूच उडी मारून गेलं तर?" कोपरखैरणे आले तरी मला नीट उत्तर सुचले नव्हते. डॉर्टचे उत्तर असे आहे की दावीद आणि पेत्र यांच्यासारखे निवडलेले लोकही भयंकर पडतात, पण देव त्यांना शेवटपर्यंत पडून राहू देत नाही. आणि जो कायमचा गेला तो मुळात त्या कळपातला नव्हताच. मित्राला हे उत्तर पळवाट वाटते, आणि बाहेरून पाहिले तर ते तसे दिसते हे मी नाकारत नाही. पण त्याच्या मंडळीत दर सभेत पुन्हा पुन्हा पुढे जाऊन नव्याने तारण मागणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची धास्ती पाहिली की मला आजीचे सूप आठवते.

माझी स्वतःची सही अडते ती ख्रिस्ताचे मरण कोणासाठी या मुद्द्यावर. डॉर्टने हे मरण सर्व जगाच्या पापांसाठी पुरून उरणारे आहे असे म्हटले, परंतु ते परिणामकारक व्हावे असा देवाचा हेतू निवडलेल्यांपुरताच होता असेही म्हटले. तर्क असा की ख्रिस्ताने एखाद्याचे ऋण पूर्ण फेडले असेल तर ते देव त्याच्याकडून पुन्हा वसूल करणार नाही. तर्कात मला फट सापडत नाही, परंतु १ योहान २:२ मध्ये 'सर्व जगाच्या' पापांबद्दल म्हटले आहे आणि १ तीमथ्य २:४ मध्ये सर्वांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा आहे, आणि 'सर्व' याचा अर्थ 'सर्व प्रकारचे लोक' असा घेण्याची कसरत मला दर वेळी जड जाते. डॉर्टच्या सभेतच इंग्लंडच्या जॉन डॅवेनंट यांच्यासारखे प्रतिनिधी याबाबत सौम्य होते, आणि पुढे फ्रान्समध्ये मोईज आमिरो याने, ख्रिस्त सर्वांसाठी मेला पण विश्वासाचे दान निवडलेल्यांनाच मिळते, अशी मांडणी केली. कडक कॅल्विनपंथी त्याला अर्धवट समजतात. मी त्याच अर्धवटांच्या पंगतीत बसतो.

ठाण्यातल्या आमच्या मंडळीचा अँग्लिकन वारसा इंग्लंडच्या चर्चच्या ज्या ३९ कलमांपर्यंत जातो त्यांतले सतरावे कलम म्हणते की ही शिकवण देवभीरू माणसाला गोड आणि अवर्णनीय समाधान देणारी आहे, पण निव्वळ कुतूहलाने तिच्याकडे पाहणाऱ्याला ती निराशेच्या कड्यावर नेते. निवडीची शिकवण स्वतःकडे वळून आभार मानण्यासाठी आहे. ती दुसऱ्याच्या कपाळाकडे पाहून तिथे काय लिहिले आहे हे वाचण्यासाठी वापरली की ती खरोखरच सटवाई होते. मग ते कपाळ सासऱ्यांचे असो, लोकलमधल्या मित्राचे असो की ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या शेजाऱ्यांचे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक चर्चांनी नीतिमत्त्वाच्या शिकवणीवर एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ साली मेथडिस्ट त्यात आले, आणि ५ जुलै २०१७ रोजी विटेनबर्ग येथे कॅल्विनच्या परंपरेतल्या चर्चांच्या जागतिक संघटनेनेही त्याला मान्यता दिली. नीतिमत्त्वाच्या मूलभूत सत्यांवर एकमत आहे आणि उरलेल्या भेदांसाठी एकमेकांना दिलेले जुने शाप आता लागू होत नाहीत, असा त्याचा गाभा आहे. शुद्धिस्थानाचा वाद त्याने मिटवलेला नाही.

हे सगळे मी परवा सासूबाईंना जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. त्यांनी शेवटचा भाग लक्ष देऊन ऐकला आणि विचारले, "सह्या झाल्या ना, मग यंदा गुडघे टेकाल का?" टेकेन, असे मी म्हणालो, बाबांसाठी काही मागायला नव्हे, तर ते आम्हाला लाभले याबद्दल आभार मानायला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग येताना जांभळी नाक्यावरून मेणबत्त्यांची दोन पाकिटे आणायला सांगितली, कारण गेल्या वर्षी वाऱ्याने एक पुरली नव्हती.